व्हॅनची पुली वाजतेय? या चुका टाळा

सकाळी सेल्फ मारल्याबरोबर चिरचिर सुरू झाली की पहिला संशय बेल्टवर येतो. नवा बेल्ट चढतो, गाडी थोडे दिवस गप्प राहते आणि पुन्हा तेच. पुली, म्हणजे बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक, डोलत असेल किंवा तिच्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं असेल, तर नवा बेल्टही कडेने कुरतडला जाणारच. त्यामुळे बेल्टचे पैसे मोजण्याआधी कोणती पुली वाजतेय ते शोधा.

ओम्नी, इकोसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. आवाज कॅबिनमध्ये घुमतो आणि नुसत्या कानाने ठावठिकाणा लागत नाही. सीट उचला. इंजिन चालू असताना बेल्टच्या आतल्या बाजूवर बाटलीने थोडंसं पाणी शिंपडा, हात आणि सैल कपडे लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त. पाण्याने तो वाढला, तर बेल्ट सैल आहे. मग इंजिन बंद करून, चावी काढून बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पुली कडेला हलली, तर बेअरिंग गेलं. आयडलर पुली, म्हणजे नुसती बेल्टला वाट दाखवणारी पुली, मात्र फसवते. बोटाने ढकलल्यावर कोरडा आवाज करत ती बराच वेळ भिरभिरत राहिली, तर लोक ‘मस्त फिरतेय’ म्हणून सोडून देतात. खरं तर आतलं ग्रीस संपलेलं असतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते क्रँक पुलीकडे, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावर (क्रँकशाफ्टवर) बसलेल्या आणि बेल्ट फिरवणाऱ्या पुलीकडे. ती अखंड लोखंडाची वाटते, पण बऱ्याच इंजिनांत मधला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराचा थर असतो. उष्णतेने आणि गळक्या ऑइलने ते रबर फुगतं, तडकतं आणि कडं जागेवरून सरकतं. मग बॅटरीचा दिवा मिणमिणतो, आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर घाटात टेंपरेचरचा काटा वर चढतो. तपासणी सोपी आहे: मधल्या भागापासून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा, एक फेरी मारून या. रेघ तुटली असेल तर पुली बदलाच. जुन्या इंजिनांत टायमिंगची (ठिणगी नेमकी कधी पडावी त्याची) खूण या कड्यावरच असते. कडं सरकलं की खूणही खोटी पडते आणि मिस्त्री उगाच टायमिंग फिरवत बसतो.

पुली काढताना छिन्नी-हातोडा लावू नका. पुलर, म्हणजे पुली ओढून काढायचं अवजार, लावायचा तो मधल्या भागाला. बाहेरचं कडं ओढलं की रबर सुटतं. पाना चॅसीला टेकवून सेल्फ मारून बोल्ट सोडवायची युक्ती अनेकजण वापरतात. ती हात मोडणारी आहे, करू नका. काही इंजिनांत क्रँकवर चावीच (पुली जागेवर अडकवून ठेवणारा लोखंडी तुकडा) नसते, बोल्टच्या दाबावरच व्हॉल्व्हच्या उघडझापीचं टायमिंग टिकतं. तिथे टायमिंग लॉक न करता बोल्ट सैल केला तर काम पुलीपुरतं राहत नाही.

पुली निघाली की मागचं ऑइल सील बघा. ते गळत असेल तर आत्ताच बदला, नाहीतर नव्या पुलीचं रबरही ऑइलच खाईल. दुकानात जाताना जुनी पुली सोबत न्या. व्यास आणि बेल्ट बसायच्या खाचांची संख्या जुळली पाहिजे.

बोल्ट ‘अंदाजे घट्ट’ करू नका. गाडीच्या मॅन्युअलमधलं माप बघून टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा, आणि बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर नवा घ्या. सैल राहिलेली पुली डोलते आणि चावीचा गाळा खाऊन टाकते. मग खर्च पुलीचा राहत नाही, क्रँकशाफ्टचा होतो.

शेवटी सरळ पट्टी लावून पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहा. हाताने ताणायचा बेल्ट असेल तर गरजेपेक्षा जास्त ताणू नका. अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग त्यानेच जातं. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो, म्हणून काही दिवसांनी गाडी थंड असताना ताण पुन्हा तपासा.