मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताय? या चुका टाळा

पहिली चूक स्प्रेडशीटची, कारण त्यात माझे स्वतःचे दोन दिवस गेलेत. २३०५८४३००९२१३६९३९५१ ही १९ अंकी संख्या, म्हणजे २ चा ६१ वा घात वजा १, सेलमध्ये पेस्ट केली आणि अवयव काढायला बसलो. ५ ने भाग जातोय, २ ने जातोय, अगदी १०००० ने पण जातोय! वहीत यादी लिहीत सुटलो आणि दुसऱ्या दिवशी सेल नीट बघितला तर शेवटचे ३९५१ गायब, त्या जागी चार शून्यं. स्प्रेडशीटमध्ये साधारण १५ अंकच टिकतात, पुढचे शून्य होतात आणि कुठे काही एरर येत नाही. ती संख्या तर मूळ (प्राइम) आहे, गणितज्ञ पेर्वुशिननं १८८३ मध्येच सिद्ध केलंय.

प्रोग्राममध्ये फ्लोट या दशांश-चिन्हाच्या प्रकारात ठेवली तर हीच संख्या गोल होऊन २ चा ६१ वा घात बनते, म्हणजे मूळ संख्येची थेट सम संख्या. मी आता पायथॉनचे पूर्णांकच वापरतो, भागाकार पण पूर्णांकीच, आणि आधी संख्या कागदावर तीन-तीन अंकांचे गट करून लिहितो. पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

दुसरी चूक घाईची. २, ३, ५, ७, ११ ने भाग जात नाही म्हणून लगेच "मूळ आहे" म्हणणारे रोज भेटतात. अरे, वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं असतं ना! ४२९४९६७२९७ घ्या. गणितज्ञ फर्माला ही मूळ वाटली होती, पण ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञानं १७३२ मध्ये दाखवलं की ६४१ × ६७००४१७ होते. पहिला भाग जातो तो थेट ६४१ ने, आणि वर्गमूळ ६५५३६ च्या जरासं पुढे आहे, म्हणजे शंभरपर्यंत बघून थांबलात तर काहीच कळलेलं नसतं.

फर्माची चाचणी (पाया घेऊन त्याचा संख्या-वजा-१ वा घात काढायचा, त्याला संख्येने भागून बाकी १ आली की पास) लावून खूश होणाऱ्यांनी ३४१ बघा, २ पाया घेतला की पास होते, पण ती ११ × ३१ आहे.

अंकांची बेरीज ३ आणि ९ साठी चालते, ७ साठी नाही.

१ मूळ नाही.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून मग गुणायचं. ३६० म्हणजे २³ × ३² × ५, तर ४ × ३ × २ = २४. आणि एकदा २ ने भागलं की परत २ ने भागून बघा, लोक सरळ ३ वर उडी मारतात.

अवयव मिळाले की मी गुणून बघतो, शिवाय ९ ने भागून उरणारी बाकी ताडून बघतो: ६४१ ची २, ६७००४१७ ची ७, गुणाकार १४ म्हणजे बाकी ५, आणि ४२९४९६७२९७ ची पण ५. फक्त दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर यात सापडत नाही, त्यासाठी संख्या मूळ कागदावरून एक-एक अंक बोट ठेवून वाचावीच लागते.