गाडी वायफायवरून सिमवर गेली तरी संपर्क टिकावा म्हणून

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून द्राक्षांच्या पेट्या भरलेली रीफर (शीतकरणाची सोय असलेली) गाडी फाटकाबाहेर पडली, की तिच्यातील तापमान नोंदवणारे उपकरण वायफाय सोडून सिमकार्डावर येते आणि त्याचा आयपी पत्ता बदलतो. टीसीपी (इंटरनेटवर डेटा क्रमाने आणि खात्रीने पोहोचवण्याची पद्धत) जोडणी दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट (संगणकावरील सेवेचा क्रमांक) यांवरूनच ओळखली जात असल्यामुळे ती तिथेच तुटते. म्हणून उपकरणाची ओळख बदलत्या पत्त्यापासून वेगळी ठेवावी. १९९६ साली मानक म्हणून मांडल्या गेलेल्या मोबाइल आयपी या पद्धतीमागेही हाच विचार होता. आज तो वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या टनेलने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सांकेतिक खाजगी मार्गाने) कितीतरी कमी खटाटोपात साधतो.

स्थिर सार्वजनिक पत्ता फक्त सर्व्हरला, म्हणजे उपकरणांच्या नोंदी घेणाऱ्या संगणकाला, घ्यावा. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र की-जोडी (त्याची ओळख पटवणाऱ्या गुप्त आणि जाहीर किल्ल्या) आणि १०.२०.०.० / १६ या पट्ट्यातील एक कायमचा अंतर्गत पत्ता द्यावा; या पट्ट्यात ६५,५३६ पत्ते बसतात, त्यामुळे गाड्या वाढल्या म्हणून मांडणी बदलावी लागत नाही. उपकरण नव्या जाळ्यावर गेले, की त्याचे पहिले खरे ठरलेले पॅकेट जिथून आले तो पत्ता सर्व्हर आपणहून नोंदवून घेतो, आणि आतली जोडणी अंतर्गत पत्त्यावर असल्याने तिला या बदलाचा पत्ताही लागत नाही. सिमच्या बाजूला बहुधा नॅट (अनेक उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी सोय) असते आणि शांत राहिलेली जोडणी ते विसरते, म्हणून उपकरणावर कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारे छोटे पॅकेट) २५ सेकंदांचा ठेवावा. दोनशे गाड्यांचे मिळून सर्व्हरवर सेकंदाला आठच पॅकेट येतात, तेव्हा त्या भाराची चिंता नको.

एकच की-जोडी दोन उपकरणांत कधीही घालू नये. घाईत मी एकदा तयार मेमरी कार्डाची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या गाडीत बसवली होती. एक गाडी कसारा घाटात, दुसरी पॅकहाउसच्या आवारात, आणि पडद्यावर एकाच गाडीचे तापमान दर मिनिटाला ४ अंशांवरून २९ वर उडी मारत होते. बिघाड कूलिंगचा समजून आम्ही चालकाला घाटातच थांबवले!

खरी डोकेदुखी फाटकापाशी असते. तिथे वायफायचा सिग्नल दिसतो, पण डेटा जात नाही, आणि उपकरण त्यालाच चिकटून राहते. यासाठी वायफायमधून दर पाच सेकंदांनी सर्व्हरला पिंग (उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश) करावे, सलग तीन चुकले तर वायफायच्या रूटची मेट्रिक (मार्गाचा पसंतीक्रम ठरवणारा आकडा; मोठा म्हणजे कमी पसंती) वाढवून सिमकडे वळावे, आणि वायफाय पूर्ण मिनिटभर स्थिर राहिल्याशिवाय परत येऊ नये. नाहीतर उपकरण दोन जाळ्यांमध्ये येरझारा घालत बसते.

भारनियमनानंतर वीज आली, की आवारातील सगळी उपकरणे साठवलेल्या नोंदी एकदम पाठवू लागतात. प्रत्येकाने ० ते ६० सेकंदांतील कोणताही यादृच्छिक विलंब घेऊनच सुरुवात करावी. सर्व्हर नावाने दिला असेल, तर वायरगार्ड ते नाव फक्त सुरू होताना शोधतो, हेही ध्यानात ठेवावे. सर्व्हर हलवण्याची शक्यता असल्यास नाव पुन्हा तपासणारी छोटी स्क्रिप्ट आधीच बसवावी.

तपासणी टेबलावर न करता गाडीतच करावी. अंतर्गत पत्त्याला पिंग चालू ठेवून गाडी फाटकाबाहेर काढावी आणि सर्व्हरवर 'डब्ल्यूजी शो' ही वायरगार्डची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवून पाहावे: एंडपॉइंट, म्हणजे उपकरणाचा सध्याचा बाहेरचा पत्ता, बदललेला दिसला पाहिजे. अदलाबदलीच्या वेळी काही पिंग हरवणारच. मात्र शेवटचा हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पटवण्याची देवाणघेवाण) तीन मिनिटांहून जुना दिसला, तर आधी सिमचे रिचार्ज बघावे.