झिमझिम पावसात हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कशी करावी

आश्विन लागला की कोकणातला पाऊस कोसळायचा थांबतो आणि भुरभुरायला लागतो. डोंगर अजून हिरवे असतात, ऊन डोक्यावर नसतं. श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला डोंगर चढून, कड्याच्या फटीतून खाली उतरून समुद्राकाठच्या खडकांवरून देवळाकडे परतायला मला हेच दिवस सगळ्यात आवडतात. पण याच वाटेवरून माणसं लाटांनी ओढून नेली आहेत. त्यामुळे निघायची वेळ आपल्या सोयीने ठरवायची नाही, ती समुद्र ठरवतो.

१. आधी तिथी बघा

हॉटेल बुक करण्याआधी कॅलेंडर उघडा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि तिच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर पूर्ण ओहोटी. ललिता पंचमी घ्या. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. प्रदक्षिणेला उत्तम. दसऱ्याला मात्र सकाळी साडेसातला भरती असते आणि ओहोटी थेट दुपारी दीडला. कोजागरीला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे सव्वापाचला, उजाडण्याआधीच. दोन्ही पक्षांतल्या तृतीया ते षष्ठी या तिथी सकाळसाठी सोयीच्या.

हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा आणि देवळाजवळच्या दुकानदारांनाही विचारा.

२. पाऊस आणि लाटा, दोन्हींचा अंदाज घ्या

हवामान खात्याच्या वेळापत्रकात मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजा घेऊन येतो, म्हणून फेरी सकाळीच उरका. शिवाय हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही वाचा. वारा पडलेला असतानाही दूरच्या वादळाची लाट आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचते. इशारा असेल तर देवदर्शन करा, खाली उतरू नका.

३. पायात काय घालाल

खाचांचा रबरी तळ असलेले, घट्ट बसणारे बूट. गुळगुळीत चपला नकोत. छत्रीही नको. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून साधं जर्किन घाला आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

४. उतरण्याआधी दहा मिनिटं थांबा

रिवाज असा की आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. त्यानंतर पायऱ्यांनी डोंगर चढायचा. पलीकडे दोन कड्यांच्या मधून अरुंद, उभ्या पायऱ्या समुद्राकडे उतरतात. ओहोटीच्या दीड तास आधी इथे पोचा. त्यामुळे चालताना पाणी मागे हटत असेल आणि ओहोटी पूर्ण होईपर्यंत तुम्ही वाळूवर असाल.

आता वरूनच लाटा बघा. मोठ्या लाटा बऱ्याचदा तीन-चार लागोपाठ येतात, मग बराच वेळ शांत. सगळ्यात मोठी कुठवर चढते ते पाहा. कोरड्या दिवशी हे सोपं असतं, कारण लाटेने भिजलेला खडक काळा दिसतो आणि वरचा फिका. झिमझिम पावसात अख्खा खडक एकाच रंगाचा होतो आणि समुद्राची ही खूण पुसली जाते. या पावसाचा खरा धोका मला तिथेच वाटतो. अशा वेळी दुसऱ्या खुणा शोधा: खळग्यात फिरणारा ताजा फेस, खडकाला चिकटलेली कालवं, हिरवं शेवाळ. त्यांच्या बऱ्याच वरून चाला.

५. खाली आल्यावर

डोंगर उजवीकडे, समुद्र डावीकडे. खाऱ्या पाण्याने आणि मिठाने कोरलेले, मधाच्या पोळ्यासारखे खडक इथे जवळून बघता येतात. त्यांच्या खरबरीत कडांवर पाय छान टिकतो, घसरतो तो सपाट, बुळबुळीत भागावर. थांबायचं असेल तर कड्याकडे सरकून थांबा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. मुलांचा हात सोडू नका.

६. मागे कधी फिरायचं

पुढची वाट एकाही लाटेने ओली होताना दिसली, गडगडाट ऐकू आला किंवा निघायलाच उशीर झाला, तर आल्या पायऱ्यांनी परत वर. ‘एवढं आलोच आहोत’ म्हणून पुढे जायचं नाही, कारण सहा तासांच्या भरतीतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच चढतं.

सोबतचं कोणी पाण्यात पडलंच, तर मागोमाग उडी मारू नका. त्या माणसावरची नजर हलू देऊ नका, दोर, ओढणी किंवा रिकामी बंद बाटली, जे हाती असेल ते त्याच्याकडे फेका, आणि दुसऱ्याला ११२ लावायला सांगा. रेंज नसेल तर त्याला वर देवळाकडे पळवा.