व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी या चुका टाळा

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक, सुरू करताना एरर आली की अनेक जण लगेच सॉफ्टवेअर काढून टाकतात आणि पुन्हा इन्स्टॉल करतात. त्याने सहसा काही साधत नाही, कारण दोष बहुतेक वेळा होस्टच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, सेटिंगमध्ये असतो आणि नव्याने इन्स्टॉल केल्यावरही तो तसाच राहतो. म्हणून आधी दोष होस्टमध्ये आहे की आत चालणाऱ्या गेस्टमध्ये, हे ठरवावे आणि मगच एका वेळी एकच सेटिंग बदलून पाहावे.

सगळ्यात आधी प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा चालू आहे का, ते पाहावे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स टॅबमधील सीपीयूवर क्लिक केले की 'व्हर्च्युअलायझेशन' या शब्दापुढे ती चालू आहे की बंद, हे दिसते. बंद असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ती चालू करावी लागते. इंटेलच्या संगणकांवर हा पर्याय साधारणपणे 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'व्हीटी-एक्स' या नावाने, तर एएमडीच्या संगणकांवर 'एसव्हीएम मोड' या नावाने असतो. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या गेस्ट सिस्टिमच्या यादीत फक्त ३२ बिटचे पर्याय दिसत असतील, तर तीही बहुधा याच दोषाची खूण असते. मात्र ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल, तर बायोसला हात लावण्यापूर्वी रिकव्हरी की जवळ ठेवावी, कारण अशा बदलानंतर विंडोज ती मागू शकते.

सुविधा चालू आहे आणि तरीही 'व्हीटी-एक्स उपलब्ध नाही' असाच संदेश येत असेल, तर लोक सर्वाधिक गोंधळतात. अशा वेळी ती सुविधा बहुधा विंडोजच्या स्वतःच्या हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराने) आधीच ताब्यात घेतलेली असते. विंडोज फीचर्सच्या यादीत फक्त 'हायपर-व्ही' या विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन सुविधेवरची खूण काढून थांबणे ही इथली नेहमीची चूक आहे. त्याच यादीतील 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' आणि 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म' हे पर्याय, तसेच विंडोज सिक्युरिटीमधील 'मेमरी इंटेग्रिटी', यांपैकी काहीही चालू असले तरी हायपरव्हायझर जागाच राहतो. विंडोजच्या होम आवृत्तीत हायपर-व्हीचा पर्याय नसला तरी बाकीचे असतात, त्यामुळे 'माझ्याकडे हायपर-व्ही नाहीच' असे गृहीत धरू नये. खात्री करण्यासाठी 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' उघडून सारांशाच्या अगदी तळाशी पाहावे. हायपरव्हायझर आढळल्याची ओळ तिथे असेल, तर कारण सापडले.

व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून पुढच्या आवृत्त्या या हायपरव्हायझरच्या आधारानेही चालू शकतात, पण मशीन अनेकदा फार संथ होते आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचे चिन्ह दिसते. कासव दिसल्यावर गेस्टची मेमरी वाढवत बसण्यात अर्थ नाही, कारण संथपणाचे मूळ मेमरीत नसते. इथे निवड करावी लागते. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) किंवा त्यावर चालणारे डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारे साधन) रोज लागत असेल, तर गती कमी आहे हे स्वीकारावे किंवा विंडोज प्रो असल्यास थेट हायपर-व्हीमध्येच मशीन बनवावे. मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेसाठी दिलेली सोय आहे. केवळ वेगासाठी ती कायमची बंद ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मेमरी देतानाही तारतम्य हवे. होस्टमध्ये ८ जीबी असताना गेस्टला ६ जीबी दिले, तर होस्ट मेमरीऐवजी डिस्क वापरू लागतो (स्वॅप) आणि दोन्ही रखडतात. निम्म्याच्या वर जाऊ नये. विंडोज ११ बसवायचे असेल तर किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप) या अटी आधीच लक्षात घ्याव्यात. एम१ किंवा त्यानंतरच्या चिपचे मॅक असेल, तर इंटेलसाठी बनवलेली आयएसओ फाइल (इन्स्टॉल करण्याची डिस्क इमेज) न घेता एआरएमसाठीची, म्हणजे त्या चिपच्या प्रकाराची, घ्यावी.

गेस्टची डायनॅमिक डिस्क, म्हणजे होस्टवरची एक फाइल, गरजेप्रमाणे वाढते, पण आतल्या फाइल पुसल्या म्हणून ती आपोआप लहान होत नाही. होस्टची डिस्क भरली की चालू मशीन मध्येच थांबते. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची जपलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे: प्रत्येक स्नॅपशॉट मूळ डिस्क फाइलवर अवलंबून असतो, म्हणून जागा करण्यासाठी त्या फाइल फोल्डरमधून थेट पुसल्या तर संपूर्ण मशीन गमावण्याची वेळ येते. स्नॅपशॉट नेहमी प्रोग्राममधूनच काढावेत.

गेस्टमधून इंटरनेट चालते पण होस्टवरून गेस्टशी जोडणी होत नाही, ही तक्रार बहुधा दोषाची नसते. एनएटी (होस्टच्या जोडणीमागून गेस्टला इंटरनेट देणारे नेटवर्क) या मूळ सेटिंगचा तोच स्वभाव आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (होस्टच्या पोर्टवर आलेली जोडणी गेस्टकडे पाठवणे) करावे किंवा फक्त होस्ट आणि गेस्ट यांना जोडणारा होस्ट-ओन्ली अडॅप्टर जोडावा. दोन मशीनना १०.०.२.१५ हाच पत्ता दिसला तरी घाबरू नये, कारण प्रत्येकीचे एनएटी स्वतंत्र असते. त्यांनी एकमेकींशी बोलायला हवे असेल तर 'एनएटी नेटवर्क' हा वेगळा पर्याय निवडावा. ब्रिज्ड अडॅप्टर (गेस्टला थेट घरच्या नेटवर्कशी जोडणारा) वायफायवर नेहमीच नीट चालतो असे नाही, तेव्हा शक्य असल्यास केबल जोडून पाहावी.

स्क्रीन लहानच राहणे आणि क्लिपबोर्ड न चालणे यांचे कारण सहसा गेस्ट ॲडिशन्स (गेस्टमध्ये बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे सहायक ड्रायव्हर) न बसवणे हे असते. लिनक्स गेस्टमध्ये शेअर केलेले फोल्डर दिसते पण उघडत नाही, तेव्हा आपल्या युजरला 'व्हीबॉक्सएसएफ' या ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉग इन करावे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर मशीनवर राइट क्लिक करून लॉग उघडावा. शेवटची एरर बहुधा आधीच्या एखाद्या अपयशाचा परिणाम असते, म्हणून वाचन वरून सुरू करून पहिल्या एररवर थांबावे आणि मदत मागताना तीच ओळ जशीच्या तशी द्यावी.