मायक्रोवेव्ह सेन्सरने सरकणं-फिरणं मोजताय? या चुका टाळा

खालच्या पाटीवर कोप्लॅनर वेव्हगाइड (मायक्रोवेव्ह सिग्नल नेणारी सपाट तांब्याची लाइन), वर सरकत्या पाटीवर स्प्लिट रिंग रेझोनेटर (ठरावीक वारंवारतेला घुमणारी, एका जागी चिरलेली धातूची रिंग). रिंगची चीर लाइनच्या मध्यरेषेवर असली, की दोन्ही बाजूंचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं आणि एस२१ मध्ये (लाइनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचणाऱ्या सिग्नलच्या आलेखात) खाच, म्हणजे एका वारंवारतेला येणारी घट, दिसत नाही. रिंग बाजूला सरकली, की खाच खोल होत जाते. आपण मोजतो ती ही खोली.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन पाट्यांमधल्या फटीमुळे. फट ०.१ मिमीने बदलली तरी खाचेची वारंवारता आणि खोली दोन्ही हलतात, आणि वाटतं की रिंगच सरकली. मध्ये ०.२ मिमी जाडीची टेफ्लॉन शीट ठेवा. पाटी तिच्यावर सहज घसरते आणि फट कायम राहते. वरून दाब सगळीकडे सारखा हवा. जवळचे स्क्रू नायलॉनचेच वापरा.

खाच दिसतच नाही? आधी स्वीप, म्हणजे अ‍ॅनालायझर ज्या वारंवारता एकेक करून मोजतो तो पट्टा, तपासा. १ ते ६ गिगाहर्ट्झमध्ये २०१ पॉइंट घेतले तर दोन पॉइंटमधलं अंतर २५ मेगाहर्ट्झ होतं. २ गिगाहर्ट्झला क्यू (खाच किती टोकदार आहे त्याचा आकडा) १०० असेल तर खाच जेमतेम २० मेगाहर्ट्झ रुंद असते. ती दोन पॉइंटच्या मध्ये हरवते! खाचेभोवती २०० मेगाहर्ट्झचा स्पॅन (स्वीपची रुंदी) आणि ४०१ पॉइंट घ्या. स्पॅन बदलला की पुन्हा कॅलिब्रेशन करा. केबल जागची हलू देऊ नका, पाटीच हलवा.

खाच उथळ येत असेल तर सब्स्ट्रेट, म्हणजे पाटीचा मूळ पदार्थ, बघा. एफआर४ या नेहमीच्या सर्किट बोर्डचा लॉस टँजंट (पदार्थात ऊर्जा किती वाया जाते त्याचा आकडा) साधारण ०.०२, म्हणजे क्यू ५०च्या आसपासच अडकतो. इथे पैसे वाचवू नयेत. रॉजर्स ४००३सी हा बोर्ड घ्या, त्याचा लॉस टँजंट ०.००२७ आहे.

रिंग डावीकडे सरकली काय नि उजवीकडे, खाच सारखीच येते. दिशा हवी असेल तर वेगळ्या वारंवारतेची दुसरी रिंग थोडी सरकवून बसवावी लागते.

कोन मोजताना शाफ्टचं केंद्र आणि रिंगचं केंद्र एकच हवं. पूर्ण फेरी मारून आलेख काढा: फेरीला एकदा वरखाली होणारी लाट दिसली तर केंद्र चुकलंय किंवा पाटी तिरकी आहे. सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करण्याआधी डायल गेजने पाटीचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) बघा. पाटी सरकवणाऱ्या मायक्रोमीटरमधला प्ले (ढिलेपणा) पण विसरू नका. प्रत्येक वाचन एकाच दिशेने येऊन घ्या.