ड्रोन सर्व्हे : उडवण्याआधी जमिनीवर करायची कामं

ड्रोन सर्व्हे म्हणजे ड्रोनने बांधकामाच्या साइटचे फोटो काढून, ते सॉफ्टवेअरमध्ये जुळवून नकाशा करणं. तो करून द्या म्हणत कोणी आलं की मी आधी विचारतो, या नकाशावरून ठरवायचं काय आहे? मातीचे ढिगारे मोजायचे, कामाची प्रगती दाखवायची, की बाहेरच्या भिंतीवरच्या भेगा शोधायच्या? उड्डाणाची उंची आणि कॅमेऱ्याचा कोन त्यावरच ठरतो.

उंचीचा हिशोब सोपा आहे. फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर किती मोठा पडतो, ते काढायचं. सेन्सरची रुंदी गुणिले उंची, भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचं नाभीय अंतर) आणि फोटोतल्या आडव्या पिक्सेलचा गुणाकार. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर १३.२ मिमी, फोकल लेंग्थ ८.८ मिमी, फोटो ५४७२ पिक्सेल रुंद. १०० मीटरवरून एक पिक्सेल साधारण २.७ सेंमीचा, ६० मीटरवरून १.६ सेंमीचा. काम नीट झालं तर आडवी चूक एक-दोन पिक्सेलची आणि उंचीतली दोन-तीन पिक्सेलची धरा. म्हणजे ६० मीटरवरून नकाशातल्या उंचीत तीन ते पाच सेंमी. ढिगाऱ्याला हे चालतं, स्लॅबच्या लेव्हलला नाही. तिथे लेव्हल मशीनच लावा.

खरी मेहनत कंट्रोल पॉइंटची, म्हणजे जमिनीवर खूण करून अचूक मोजलेल्या जागांची; नकाशा त्यांना धरूनच जुळवतात. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, एवढे तरी हवेतच. खोल खोदकाम असेल तर एक खड्ड्याच्या तळाशीही हवा, नाहीतर तळाच्या उंचीला आधारच राहत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटीचे बोर्ड डंपरच्या वाटेपासून लांब ठेवा. त्यांची लेव्हल साइटच्या बेंचमार्कवरूनच, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेवरूनच आणा. जीपीएस मुळात देतं ती लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीचा गणिती आकार धरून मोजलेली उंची. ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून काही ठिकाणी पन्नास-साठ मीटरनेही वेगळी निघते. याशिवाय दोन-तीन चेक पॉइंट मोजा आणि ते सॉफ्टवेअरला जुळवणीसाठी देऊ नका. नकाशा खरा की नुसता देखणा, ते तेच सांगतात. आरटीके ड्रोन (जमिनीवरच्या स्टेशनकडून दुरुस्ती घेऊन स्वतःची जागा सेंमीपर्यंत ओळखणारा) असला तरी मी चेक पॉइंट सोडत नाही.

साइटवर टॉवर क्रेन असेल तर ऑपरेटरशी स्वतः बोला. काम बंद असताना क्रेनचा जिब, म्हणजे आडवा हात, मोकळा सोडलेला असतो, वाऱ्याबरोबर तो फिरतो. काल जिथे होता तिथे आज असेलच असं नाही. उड्डाणाची आणि ड्रोनची आपोआप टेकऑफच्या जागी परतण्याची उंची, दोन्ही क्रेनच्या सर्वांत उंच टोकाच्या वर ठेवा. सळयांच्या जाळीवरून किंवा स्लॅबवरून टेकऑफ करू नका, लोखंडामुळे ड्रोनचा कंपास बिघडतो. फोटो एकमेकांवर चढायला हवेत : पुढचा ओव्हरलॅप ८० टक्के, बाजूचा ७०. पातळ ढग असलेला दिवस उत्तम. सावल्या गडद पडत नाहीत.

भिंतींची तपासणी हे वेगळंच काम आहे. कॅमेरा भिंतीकडे सरळ ठेवून उभे पट्टे घ्यायचे. वरच्याच कॅमेऱ्याने ५ मीटरवरून एक पिक्सेल १.४ मिमीचा येतो. ०.३ मिमीची भेग त्यात गडद रेघ म्हणून दिसली तरी तिची रुंदी मोजता येत नाही; त्यासाठी झूम लेन्स घ्या. उंच भिंतीजवळ अर्धं आभाळ झाकलं जातं, सॅटेलाइट कमी मिळतात आणि ड्रोन सरकतो, म्हणून हात रिमोटच्या स्टिकवरच हवा. काच असेल तर आणखी सांभाळा : अडथळा ओळखणारे सेन्सर तिथे फसतात, आणि प्रतिबिंबांमुळे सॉफ्टवेअरला फोटो जुळवता येत नाहीत. गिलावा आतून सुटला असेल तर फोटोत कळतोच असं नाही. संशयाच्या जागा फोटोवर खुणावून द्या, मग कोणीतरी परांचीवर चढून हातोडीने ठोकून, आवाज ऐकून बघायला हवं. मालकाला हे मी आधीच स्पष्ट सांगतो.

ढिगाऱ्याचं घनफळ काढताना तळ कुठे धरला ते रिपोर्टात लिहा. उतारावरच्या ढिगाला सपाट तळ धरला की आकडा चुकलाच. दर महिन्याला तुलना करायची असेल तर कंट्रोल पॉइंट पक्के रोवून ठेवा, उंची आणि ओव्हरलॅपही तेच ठेवा. चेक पॉइंटवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तर नकाशा द्यायचा नाही. आधी पॉइंटची वाचनं पुन्हा घ्या, ती बरोबर निघाली तर उड्डाण पुन्हा करा.