क्रूझर बाइकचा पिकअप वाढवायचा? आधी स्प्रॉकेटचे दात मोजा

‘गाडीला पिकअप नाही’ म्हटलं की थेट सायलेन्सर नाहीतर मोठा पिस्टन सुचतो. तो खर्च थांबवा आणि आधी गाडी कुठे कमी पडते ते नीट पाहा. सोलापूरच्या आजूबाजूला रस्ता बहुतेक सपाट. गाडीची खरी परीक्षा होते ती गळीत हंगामात, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला डबल सीट ओलांडताना, तुळजापूरच्या घाटात आणि मे महिन्यात 43-44 अंशांत सलग तासभर पळवताना. पहिल्या दोन ठिकाणी गिअरिंग, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या पुढच्या-मागच्या दातेरी चाकांचं (स्प्रॉकेटचं) गुणोत्तर, मदतीला येतं. तिसऱ्या ठिकाणी चुकीचं इंजिनकाम गाडीच्या जिवावर उठतं.

हिशेब सोपा आहे. मागच्या स्प्रॉकेटचे दात भागिले पुढचे दात. समजा मागे 45 आणि पुढे 15 आहेत, म्हणजे गुणोत्तर 3. पुढे 16 दातांचं लावलं की ते 2.81 होतं, आणि 80 च्या वेगाला 4000 आरपीएमवर फिरणारं इंजिन 3750 वर येतं. मोहोळच्या दिशेने हायवेवर गाडी शांत चालते, पण घाटात आणि ओव्हरटेकला एक गिअर खाली टाकावा लागतो. पुढे 14 लावलं तर उलट: त्याच वेगाला आरपीएम जवळपास 4290, ओढ सात टक्के जास्त. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे इथे मागचे साधारण तीन दात वाढवणं. एका वेळी एकच दात बदला. दोन बदलले की गाडीचा स्वभावच पालटतो.

कुठल्या बाजूला जायचं हे इंजिन ठरवतं. थंडरबर्ड 350 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिमी. इतक्या लांब स्ट्रोकचं इंजिन खालच्या आरपीएमला ओढण्यासाठीच असतं. ते आणखी फिरवलं की धडधड आणि झीज वाढते, म्हणून त्याला पुढचा दात कमी करू नये. मीटिऑर 350 चा 27 एनएम टॉर्क (ओढ) 4000 आरपीएमलाच येतो. बहुतेकांनी कंपनीचं गिअरिंग तसंच ठेवावं. अ‍ॅव्हेंजर 220 ची पूर्ण ताकद 8000 आरपीएमच्या वर मिळते. रोज डबल सीट आणि घाट असेल तर तिथे एक दात कमी केलेला चालतो. पुढे मोठं स्प्रॉकेट लावून टॉप स्पीड वाढेल हा मात्र गैरसमज आहे. समोरून वारा असला तर टॉप गिअरमध्ये गाडी आधीपेक्षा हळू पळते.

पुढचं स्प्रॉकेट काढताना त्याचा नट चेन चढलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून ढिला करा. चेन काढल्यावर तो धरायला काही उरत नाही. लॉक वॉशर नवा घ्या. मोठं स्प्रॉकेट केसिंगला घासत नाही ना, हे हाताने चाक फिरवून बघा. एका दाताने मागचा एक्सल सुमारे 4 मिमी पुढे किंवा मागे सरकतो. अ‍ॅडजस्टरमध्ये तेवढी जागा हवी, नाहीतर चेनची कडी कमी-जास्त करावी लागते. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट लावू नका, नवे दात लवकर खाल्ले जातात. चेन मोजायची असेल तर ती ताणून धरा: 520 किंवा 525 चेनच्या 20 पिच (पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) म्हणजे 317.5 मिमी. 321 च्या आसपास गेली की पूर्ण सेटच बदला. नव्या चेनचा ताण 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्यात वेग आणि किलोमीटर दोन्ही चुकीचे दिसू लागतील.

इंजिनाला हात लावायच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन आणि क्लच तपासून घ्या. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. अनेकदा ‘हरवलेला’ पिकअप तिथेच सापडतो.

त्यानंतरही हवंच असेल, तर एअर फिल्टर, सायलेन्सर आणि पेट्रोलचं प्रमाण हे तिन्ही एकत्र बदलावं लागतं. नुसता उघडा फिल्टर लावला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं आणि मिश्रण लीन होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) बदलावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर थोडं सावरून घेतो, पण पूर्ण रेसला तो कामाचा नाही. तिथे मॅपिंगच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोलची सेटिंग, करावं लागतं. प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं हवं. पांढरंफटक दिसलं, रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येऊ लागला किंवा घाटात नॉकिंग (इंजिनाची खटखट) ऐकू आलं, तर गाडी तशीच दामटू नका. एअरकूल्ड इंजिनात आपल्या उन्हाळ्यात पिस्टन चिकटण्याची सुरुवात अशीच होते. शिवाय होटगीकडच्या रस्त्यावरची धूळ उघड्या फिल्टरमधून आत गेली की रिंगा घासतात. कंपनीच्या एअरबॉक्समध्येच बसणारा फिल्टर घ्या.

गरम कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम, क्रूझरला नकोच. तो ताकद वरच्या आरपीएमला नेतो आणि खालची ओढ घालवतो. मोठ्या पिस्टनने सीसी बदलते, आणि सीसी आरसीवर लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक फेरफाराला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो.

बदलाचा फरक मनाने ठरवू नका. बदलाआधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, तितक्याच वजनाने, चौथ्या गिअरमध्ये 50 ते 80 ला लागणारे सेकंद मागे बसलेल्याला मोजायला सांगा. वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून जाताना तीन वेळा आणि येताना तीन वेळा. सरासरीत अर्धा सेकंदही फरक पडला नसेल, तर जुनं स्प्रॉकेट परत लावा.